ब्रेकबाई पश्चिमेला निघाल्या

माझी मावशी गाडी चालवायला शिकवते. अख्खं शहर तिला ब्रेकबाई म्हणतं. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. तिच्या गाडीत चालकाशेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवलेला आहे, आणि त्यावर कायम मावशीचा पाय असतो. शिकाऊ माणूस भिंतीच्या दिशेने निघाला की ती बोलत नाही, पाय दाबते. बोलते नंतर. ते ऐकण्यापेक्षा भिंत परवडली, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

तिचा नवरा, म्हणजे माझा काका, ट्रक चालवायचा. उभा जन्म पश्चिमेच्या रस्त्यावर गेला. आधी पठार, मग दगडांचा ओसाड मुलूख, त्यापुढे मिठाचं मैदान आणि शेवटी घाट उतरून समुद्र. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाने दगा दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ट्रक सोडायला सांगितला, साधी गाडी मात्र खुशाल चालवा म्हणाले. काकाने तिच्याही किल्लीला हात लावला नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरून जाणारा ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे आवाजावरून सांगायचा. पुढे पुढे तेही सांगेनासा झाला.

"माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय," मावशी मला फोनवर म्हणाली. "याला मी परत चालकाच्या सीटवर बसवणार. त्याच्याच रस्त्यावर, पार समुद्रापर्यंत. तू मागे बसायचंस."

"मी कशाला?"

"भांडण झालं तर साक्षीला."

तिच्या मनात एकदा आलं की समोरच्याने हात टेकायचे असतात. मी रजा टाकली.

शहर संपेपर्यंत मावशीने चालवली. शेवटचा पेट्रोल पंप मागे पडल्यावर तिने गाडी कडेला घेतली, खाली उतरली आणि काकाचं दार उघडलं. "सरका तिकडे."

"अगं, नको."

"मी विचारलं नाही, सांगितलं."

काका सरकला. सुरुवातीला गाडी आचके देत होती. मग त्याचे खांदे सैल झाले, एक कोपर खिडकीवर आलं आणि पठार दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागलं. कापणी झालेली शेतं, मधूनच एखादी विहीर, आभाळ केवढं तरी. मला वाटलं, झालं की काम! तेवढ्यात लांबवर एक ट्रॅक्टर दिसला आणि मावशीचा पाय पडला. गाडी गचकन थांबली. काकाने पुन्हा पहिला गिअर टाकला.

दगडांच्या मुलखातही तेच. तिथे तांबडे सुळके रस्त्याच्या अगदी अंगावर येतात आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. काका प्रत्येक वळणाआधी स्वतःच वेग कमी करत होता, तरी मावशी त्याच्या आधी दाबत होती. काकाचे ओठ घट्ट मिटत गेले. मी मागून खोकून पाहिलं. ब्रेकबाईंना खोकला ऐकू येत नाही.

मग मिठाचं मैदान आलं. मी असं काही पाहिलं नव्हतं. चारी बाजूंना पांढरं, सपाट, ना झाड ना कुत्रं. रस्ता पट्टीने आखल्यासारखा. काकाने जरा वेग वाढवला, आणि त्या आजारानंतर पहिल्यांदा मी त्याला गुणगुणताना ऐकलं. मावशीने ब्रेक दाबला. माझ्या मांडीवरची संत्री पुढे जाऊन आदळली.

"काय होतं समोर?" काकाने विचारलं.

मावशीने समोर पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "काही नव्हतं," ती म्हणाली.

काका उतरला आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा घरच्या खुर्चीत असतो तसा झाला. मला मावशीचा इतका संताप आला, की तिथेच तिला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण सुनवून त्या मैदानात जाणार कुठे?

मैदान संपल्यावर, घाटाच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, तेलाने काळी झालेली जमीन, टायरवर बसून चहा पिणारा मिस्त्री. मावशीने गाडी सरळ आत घातली.

"हा दुसरा ब्रेक काढून टाका."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. "बाई, शिकवायची गाडी दिसतेय. हे काढलं तर शिकवता यायचं नाही."

"मला ठाऊक आहे. तुम्ही काढा."

"घाट उतरल्यावर काढलं तर? धुकं आहे आज."

"घाटासाठीच काढायचाय," मावशी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण ओढणीचं टोक बोटांनी पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती. काम संपल्यावर तिने किल्ली काकापुढे धरली आणि ती शेजारच्या सीटवर बसली. काकाने वाकून तिच्या पायाखालचा मोकळा पत्रा पाहिला. मग किल्ली घेतली.

घाटात धुकं इतकं की गाडीचं नाक दिसेना. काका दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न देत, डोंगर धरून उतरत होता. दर वळणाला पुढून धप्प आवाज यायचा. मावशीचा पाय मोकळ्या पत्र्यावर आपटत होता. मी जीव मुठीत धरून बसले होते. एका वळणावर अचानक दोन दिवे आमच्यावर चाल करून आले. ट्रक होता, रस्त्याच्या मधोमध. मावशी किंचाळली. काकाने गाडी शांतपणे कडेच्या चरात घातली, थांबवली आणि ट्रकला जाऊ दिलं.

मग त्याने इंजिन बंद केलं.

"मला गाडीची भीती कधीच वाटली नाही," तो म्हणाला. "ऑपरेशन झाल्यापासून मी जिना चढलो तरी तू माझे श्वास मोजतेस. किल्लीकडे हात नेला की तुझा चेहरा पांढरा पडायचा. म्हटलं, जाऊ दे, हिला आणखी किती घाबरवायचं."

"म्हणून तुम्ही खुर्चीत बसून राहिलात?"

"मग काय करणार होतो?"

मावशी रडायला लागली. दवाखान्यात सगळ्यांना धीर देत फिरणारी माझी मावशी त्या धुक्यात हमसून हमसून रडली, आणि मला तिच्यावरचा सगळा राग गिळावा लागला. काकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उतरू का, तू चालवतेस का, असंही त्याने विचारलं.

"उतरायचं नाही," ती नाक पुसत म्हणाली. "मला भीती वाटते. उद्याही वाटेल, परवाही वाटेल. मी घाबरत घाबरत तुमच्या शेजारी बसेन. पण तुम्ही गाडी काढा."

काकाने गाडी काढली. धुक्याखाली उतरलो तेव्हा समोर समुद्र होता, करडा, लांबवर पसरलेला. आमचं ठरलं होतं ते इथपर्यंतच. काका थांबला नाही. त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरला. त्या रस्त्यावर तो ट्रक घेऊनही कधी गेला नव्हता. परत कधी फिरायचं, असं मी मागून विचारलं. काकाने वेग वाढवला, आणि मावशीचा पाय मोकळ्या पत्र्यावर धप्पकन आपटला.