विहिरीतलं शिळंपाकं

आमच्या मामंजींइतका अन्नाचा जीव जपणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. सुनेचा जीव जपायचा तेवढा राहून गेला, असं मी तेव्हा म्हणायची. अमडापूरच्या आमच्या अंगणातली विहीर पाण्यासाठी खणली होती, हे घरात सगळे विसरूनच गेले होते. उरलेली भाजी मामंजी पळसाच्या पानात बांधत, वर ओलं फडकं गुंडाळत, गाडग्यात ठेवत आणि दोरानं पाण्याच्या वीतभर वर सोडून देत. वरणाचा दोर वेगळा, कढीचा वेगळा. उन्हाळ्यात इतके दोर लोंबत, की मला घागर सोडायला वाट मिळेना. एकदा घागरीबरोबर परवाचं पिठलं वर आलं, तर मामंजी कळवळले, "काऊन वं बाई, निजलेल्याले उठवलं?"

त्यात नियम असा, की आधी कालचं संपवायचं. तोवर आजचं उरायचं, ते विहिरीत. लग्न होऊन आल्यापासून मी रोज ताजं रांधलं आणि रोज शिळं खाल्लं. वीट आला होता नुसता! नागपूरला शिकणारे भाऊजी सांगत, तिथं साहेबाच्या बंगल्यात बर्फाची पेटी असते. मामंजींना साहेबाचीच दया आली. "त्याच्या घरी विहीर नसंल बिचाऱ्याच्या!"

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. मला आठवा महिना, बैलगाडीचे धक्के नकोत म्हणून कुणी पाठवलं नाही. तेव्हा आईनं आजारातून उठून पुरणपोळ्या केल्या आणि भावाबरोबर पाठवल्या. मला त्या तिथल्या तिथं, उभ्या उभ्या खायच्या होत्या. पण मामंजी म्हणाले, "माहेरचं असं एका दिवसात संपवू नाही. पुरवून खा." झालं! पोळ्या गाडग्यात गेल्या आणि रोज दुपारी एकच वर येऊ लागली. मी मनातल्या मनात मामंजींच्या नावानं बोटं मोडत होते.

आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा गाडग्यात एक पोळी उरली होती.

मामंजींनी ती काढून माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "आज नोको. उद्या खातो." त्यांनी गाडगं परत सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग एका दुपारी त्यांनी पान उघडून हुंगलं, आणि जन्मभर 'उद्या' म्हणणारा तो माणूस विहिरीच्या काठावर माझ्याजवळ येऊन बसला.

"आता खाऊन घे वं माय. याच्यापुढं विहीर बी राखत नाही."

पुरण आंबलं होतं. मी ते चाटूनपुसून खाल्लं. तोवर मामंजींनी सगळे दोर एका बाजूला सारले आणि माझी घागर स्वतः भरून दिली.