चिमटलेली शीर आणि डिंकाचे लाडू

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी मढहून डिंगोऱ्याला आले आणि वर्षभरातच माझी डावी कूस दुखायला लागली. शेतात उभं राहिलं, डोक्यावर हंडा घेतला, की कळ यायची. आडवं पडलं की थांबायची. अशा दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार? काम दिसलं की हिचं पोट दुखतं, असं जावेनं साऱ्या आळीत सांगितलं. मला संताप यायचा, पण स्वतःबद्दल शंका कधी आली नाही. पोट माझं होतं.

सासूबाई मायाळू होत्या, पण पोटदुखीला लंघन हा त्यांचा ठाम उपाय. कळ आली की मला नुसती पेज. मी आधीच काडी, त्यात हे. कळा वाढल्या, लघवी लाल व्हायला लागली. मामंजींनी ठरवलं, हिला माहेरी पोचवू, बरी झाली की आणू. न आणलेल्या सुना मी पाहिल्या होत्या. मी घाबरले.

गाडी जुंपली त्या सकाळी मी चुलीपाशी सासूबाईंकडे गेले. "आत्याबाई, उपाशी ऱ्हाते तवाच लई दुखतं. आधी मला पोटभर खाऊ घाला, मंग धाडायचं तर धाडा."

त्यांनी चुलीवरची पेज उतरवली. मग मामंजींना बैल सोडायला सांगितलं आणि जुन्नरच्या बाजारातून डिंक, खारीक, खोबरं मागवलं. माझं गाठोडं मात्र मी बांधलेलंच ठेवलं.

पुढे अंग भरलं तशी कळ गेली. कितीतरी वर्षांनी नातीला तेच दुखणं झालं, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी उलगडा केला. डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन रक्तवाहिन्यांच्या बेचक्यात चिमटते, फार बारीक माणसाची जास्तच. वजन वाढलं की बऱ्याचदा सुटते. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

पण मी नवी सून होते त्या काळी डिंकाचे लाडू फक्त बाळंतिणीला करत. सासूबाईंनी ते माझ्यासाठी वळले, वास आळीभर गेला आणि शेजारीण दारात येऊन विचारू लागली, लाडू आहेत तर पाळणा कुठाय?

"पाळणा मागनं," सासूबाई म्हणाल्या. "आधी माजी पोर जगू दे."

आत लाडू खाता खाता मी ते ऐकलं. उठले आणि गाठोडं सोडून लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.