ब्राझीलहून आलेलं वैशाखरे

ओल्या पेंढ्याचा वास आला, की वैशाखरे गावातलं ते शेत आठवतं. हौसेने रेडिओवरून जगभर बोलणारी माझी हॅम रेडिओवाली मैत्रीण तिथे आंब्याला एरियलची तार बांधून बसली होती. दूरचं कोण कुठल्या लहरीवर बोलतंय, ते लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नकाशावर दाखवत होतं. तिने ब्राझीलचा एक ठिपका निवडला आणि त्या लहरीवर हाका मारू लागली. उत्तरात नुसती खरखर. बॅटरी संपत आली. "एवढ्या लांब कोन ऐकनार गो?" शेताची मालकीण म्हणाली. मैत्रीण हसली आणि पुन्हा हाक मारू लागली. अचानक त्या खरखरीतून एक पुरुषी आवाज उमटला. तिने त्याला गावाचं नाव सांगितलं. "वै-शा-ख-रे," तो अडखळत म्हणाला. मालकिणीने तोंडाला पदर लावला. "आमच्या गावाचं नाव घेतलं गो त्यानं!" आता हॅम रेडिओचा परवाना माझ्याकडेही आहे. उत्तर येईनासं झालं, की मला पुन्हा हाक मारणारी ती मैत्रीण आठवते आणि मी रेडिओ बंद करत नाही.