सगळ्यांनी एकच बोलायचं

चाळ सोडली तेव्हा मी नवरी होते. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, अंगावर समोरच्या खोलीतल्या सुशीलावहिनींचा लग्नातला शालू. शेजारी नवरदेव म्हणून आप्पांचा भाचा शंकर बसलेला, तोंड एवढंसं करून. त्याचं खरं लग्न दुसरीकडे जमत आलं होतं आणि ही वरात त्या मुलीच्या कानावर गेली तर काय, याची त्याला धास्ती. गेटाबाहेरच्या टपरीवर ती दोन माणसं रोजच्यासारखी चहा पीत बसली होती. ती मलाच शोधत होती. आई मला बिलगून अशी रडली की बघणाऱ्याला शंका यायचं कारणच उरलं नाही. ठरलं होतं नाटक करायचं, पण ती नाटक करत नव्हती. टेम्पो निघाला तेव्हा त्या दोघांतला एक उठला आणि बाकडं मागं ओढून त्यानं आम्हाला वाट करून दिली. आमच्या पोरांनी त्यालाही पेढा दिला. लालबागमधून मी निघाले ती अशी.

तुम्ही सगळे आता पांगलात. कुणी नालासोपाऱ्याला, कुणी कल्याणच्याही पुढं, कुणी खोली विकून सरळ कोकणात. काही अजून तिथंच, नळावर भांडत. मीही गेले ती गेलेच. म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी एकदा हे लिहून काढते. पत्रकं लिहून माझा हात बिघडलाय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या समोरच्या खोलीतला रघूदादा पोरांना सांगत फिरायचा, मागच्या दारानं कामावर जाऊ नका. एवढाच त्याचा गुन्हा. संप फोडणाऱ्या ठेकेदाराची माणसं भर दुपारी चाळीच्या चौकात आली आणि त्यांनी त्याला मारून टाकलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं. आणि कागदावर काय आलं? दारू पिऊन जिन्यावरून पडला. सुपारीचं खांड खाल्लं तरी ज्याला गरगरायचं, तो माणूस! मी संध्याकाळपर्यंत पत्रक काढलं, मारणाऱ्यांची नावं घातली, खाली माझंही नाव टाकलं. तेवढं नको होतं टाकायला, असं सगळे म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही. पण त्यानंतर टपरीवर ती माणसं बसायला लागली.

मला बाहेर काढायची युक्ती आप्पांची. आप्पा म्हणजे तळमजल्यावरचे म्हातारे विणकर. महायुद्धाच्या काळात, बेचाळीसला, ते भूमिगत होते. गिरगावात छापलेली बुलेटिनं परळपर्यंत पोचवायचे. एकदा त्यांची अख्खी टोळी पकडली गेली. प्रत्येकाला वेगळं कोंडून मारलं, तरी प्रत्येकानं एकच वाक्य सांगितलं: आम्ही भजनाला गेलो होतो. पोलीस हात चोळत बसले. ही गोष्ट सांगून झाली की आप्पा बोट उचलायचे, ‘सगळ्यांनी एकच बोलायचं.’ आम्ही लहानपणापासून हे ऐकलेलं. आमचा तो मंत्रच होता.

मला पोचवलं इचलकरंजीला, शंकरच्या आईकडे. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणायला लागले. लालबागमध्ये माग बंद पडून इतके महिने झाले होते की शांततेची सवय लागली होती. आणि इथं घराघरात खडखडाट. भिंत हलते, चहाचा कप हलतो, माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. आमच्या गिरण्यांनी न विणलेलं कापड इथं विणलं जात होतं आणि त्या मजुरीवर मी भाकरी खात होते. पहिल्याच आठवड्यात मी हे ताईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, खा आधी, मग भांड. मी शेजारणींना संपाच्या गोष्टी सांगायचे, तिखटमीठ लावून. मी कशी कुणाला भ्यायले नाही, हे तर रोज. बायकांना वाटायचं, मुंबईची पोरगी म्हणजे वाघीण.

चौकशी लागली तेव्हा मी परत आले, साक्ष द्यायला. रघूदादाची बायको सुशीलावहिनी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. त्यांना पैसे नको होते, फाशी बघायची नव्हती. नवरा दारुडा होता हे वाक्य कागदावरून काढायचं होतं. त्यांच्या पोरांच्या शाळेतसुद्धा ते पोचलं होतं.

पहिली साक्ष गंगूमावशीची. भायखळ्यावरून मासे आणून दारोदार विकणारी बाई, जिच्या तोंडाला चाळ घाबरते. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, सदर इसमांनी लोखंडी सळ्यांनी निर्घृण मारहाण केली. मी दचकले. तिच्यानंतरचा तेच म्हणाला. तिसराही तेच. सदर इसमांनी. समोरचा वकील तर चक्क हसत होता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे पाठ कोणी करून घेतलं? गंगूमावशी मागून बोलली, कोणी नाय, आपोआपच. झालं. त्यांनी सांगितलं, बाकीच्यांना जेवणानंतर बघू, आणि हाच प्रकार चालणार असेल तर चौकशी गुंडाळू.

व्हरांड्यात मी आप्पांना गाठलं. त्यांनी महिनाभर रोज दिवेलागणीला सगळ्यांना बसवून ते वाक्य घोटून घेतलं होतं, आरतीसारखं. शब्द तर माझ्याच पत्रकातले.

‘आप्पा, बेचाळीसला लपवायचं होतं,’ मी म्हणाले. ‘आता सांगायचंय.’

ते म्हणाले, एकेकाला बोलू दिलं तर कोण कुठं होतं तेपण विचारतील. मी म्हटलं, विचारू देत की. ते धोतराचा सोगा नीट करत बसले.

दुपारी मजा आली. गंगूमावशीला पुन्हा बोलावलं. आता ती म्हणाली, मी सुरमई कापत होते, आवाज आला म्हणून वर बघितलं, मारणाऱ्याचा शर्ट चॉकलेटी. पुढचा म्हणाला निळा. बाकावरून मावशी ओरडली, तुझा चष्मा बदल मेल्या. न्यायाधीशांनी दोघांना दटावलं, पण पेन हातात घेतलं होतं. मीही सांगितलं, माझ्या शब्दांत. कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी होती: रघूदादा जिन्याजवळ नव्हताच.

वकील उठला. लांबून गॅलरीतून काय दिसणार, असा त्याचा मुद्दा. जवळून पाहिलेला आहे का कुणी?

आप्पांचं नाव यादीत नव्हतं. ते उठले आणि विचारून पिंजऱ्यात गेले.

‘साहेब, मी चौकात पाण्याच्या पिंपामागं लपलो होतो,’ ते म्हणाले. ‘म्हणून सगळ्यात जवळून मीच बघितलंय.’

बेचाळीसचा आमचा वीर. सगळ्यांना एकच वाक्य का घोटायला लावलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आप्पांनी सगळं सांगितलं: कोणी धरलं, कोणी मारलं, रघू शेवटी काय म्हणाला, आणि आपले पाय कसे उचलेनात. आवाज एकदाही चढवला नाही.

बाहेर आल्यावर ते कुणाकडे बघेनात. सुशीलावहिनी पुढं झाल्या. ‘लपलात म्हणून तर सांगायला उरलात,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी आप्पांच्या हातात चहाचा ग्लास दिला. गंगूमावशीनं विचारलं, पिंप भरलेलं होतं की रिकामं? रिकामं, आप्पा म्हणाले. मग आत का नाय बसलात, असं तिनं म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले. त्यांना चाळीत पिंपाआप्पा नाव पडलं ते तेव्हापासून, आणि खरं सांगते, त्या नावाला ते बेचाळीसच्या गोष्टीपेक्षा जास्त खुशीत ओ द्यायचे.

निकालात आलं: मृत्यू मारहाणीने. दारूचा शब्द गेला. मारणाऱ्यांतले दोघे आत गेले, ठेकेदार मोकळा फिरतो. त्याच्याबद्दल माझ्याकडे बरीच पत्रकं तयार आहेत.

आता परत ये, धोका टळला, असं आई म्हणाली. चार दिवस राहिले. मग इचलकरंजीची गाडी धरली, कारण तिथं मागवाल्या बायकांची सभा ठरली होती आणि बोलणारी मीच होते. पोचले तेव्हा ताई भाकऱ्या थापत होत्या. शेजारणी जमल्या, म्हणाल्या, सांग, कशी साक्ष ठोकलीस. मी सांगायला बसले आणि माझ्या तोंडून निघालं की पिंजऱ्यात मी भ्यायले होते, आणि इथं आल्यापासून दारावर कुणी थाप मारली की मला ती टपरीवरची माणसंच वाटतात.

कुणी हसलं नाही. ताईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

‘आधी सांगायचं न्हाई का गं,’ त्या म्हणाल्या. ‘दाराला आतनं कडी लावून घेतली असती की.’

त्या उठल्या, कडी लावली, आणि मला दुसरी भाकरी वाढली. मी ताईंच्या घरी आले त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पण राहायला आले ती त्या दिवशी.