भिकाभाऊच्या घरची धार

देवपुरात कुणाचा नळ रुसला की भिकाभाऊला बोलावणं येई. चाळीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस. धारेखाली बोट धरून पाणी कुठे अडलंय ते सांगायचा. फक्त स्वतःच्या घरी आपली अक्कल शेण खायला जाते, हे तोच चारचौघांत हसून सांगे.

कारण घरचीच धार करंगळीएवढी. बायको पार्वताबाई भल्या सकाळी उठून बादल्या भरायची, त्यात नऊ वर्षं गेली. यंदा मात्र तिचा उजवा खांदा आखडला. तांब्या डोक्यापर्यंत जाईना. सून स्नेहल आंघोळ घाली, आणि सुनेपुढे तसं बसायचं म्हणजे पार्वताबाईला मेल्याहून मेल्यासारखं होई. एकदा मोरीत ती रडली. भिकाभाऊने दाराबाहेरून ऐकलं आणि त्याच दिवशी शॉवर आणून बसवला.

शॉवर सर्दी झालेल्या नाकासारखा टिपटिपला.

मग गडी पेटला. जाळी घासली, वायसर बदलले. पाइपात हवा धरली असेल म्हणून नळाला तोंड लावून फुंकलं. तोंडात गंज आला, पाणी काही आलं नाही. स्नेहल हळूच म्हणाली, "आबा, दुसरा प्लंबर बोलावू का?" गच्चीवरून उडी मारावी असं त्याला वाटलं. पण गुडघे दुखत होते, कठड्यावर चढणं जमणार नव्हतं, म्हणून तो जिन्याने नुसता वर टाकीपाशी गेला.

टाकीमागे हात घातला, तर खाली जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद. तो बंद भिकाभाऊनेच केला होता. टंचाईच्या साली नळ आठवड्याने यायचा. बायको पाणी फार उडवते म्हणून हा शहाणा गुपचूप वर येऊन आटे पिळून गेला होता. पुढे पाणी नीट यायला लागलं आणि हा विसरला. लोकांकडे गेला की याचा पहिला हात व्हॉल्व्हला. इथे नऊ वर्षं बायकोबरोबर बसून नळाच्या लाइनीला शिव्या देत राहिला.

पान्याने जोर लावून त्याने व्हॉल्व्ह उघडला. खाली शॉवर सणसणून सुटला.

पार्वताबाईने सुनेला मोरीतून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. बऱ्याच वेळाने ओल्या केसांनी बाहेर आली, चेहरा नुसता फुललेला.

"काय अडकेल व्हतं तठे?"

कचरा होता म्हणणं सोपं होतं. त्याची जीभ वळेना.

"मीच," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

शेजारची लताबाई येता-जाता हिणवायची, प्लंबरच्या घरी नळाला धार नाही म्हणून. पार्वताबाई दर वेळी नवऱ्याच्या बाजूने तिच्याशी भांडली होती. शेवटी दोघींचं बोलणंच तुटलं होतं.

"आते लताबाईले काय सांगू मी?" तिने विचारलं.

भिकाभाऊने चपला घातल्या आणि लताबाईचं दार वाजवायला स्वतःच निघाला.