पाहुण्याले कूलर चालत नाही

माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेनापेक्षा सुईच जास्त राहिली. हे कुणाला दाखवायचे नाही, तरी माफी आधीच मागून ठेवते. खालाबद्दल कुणाला तोंडाने सांगायला गेले तर माझा आवाज निघणार नाही, म्हणून लिहिते.

मावशीला खाला म्हणतात; आमची खाला म्हणजे अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. तिच्या दारात जो उभा राहील त्याला ती एकच वाक्य ऐकवायची, "काहून उभा हायस रे? बस कूलरपुढे." मीटर बघायला आलेला माणूस, बांगड्या विकणारी बाई, एकदा तर सावलीला आलेली कुणाची तरी बकरी, सगळे त्या पत्र्याच्या मोठ्या कूलरपुढे बसून गेले. स्वतः खाला लांब, भिंतीला टेकून पदराने वारा घ्यायची. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यातला पाहुणचार म्हणजे हाच, चांगली हवा पाहुण्याला. त्या कूलरचा आवाज एवढा होता की कोण काय बोलले ते कुणाला ऐकू येत नसे. मला लोकांपुढे बोलायला जमत नाही, म्हणून तिथे बसायला आवडायचे. शिलाईचे काम घेऊन मी दुपारची जाऊन बसायची. खाला बोलायची, मी मान हलवायची.

तिचा एकुलता एक मुलगा फिरोज पुण्याला नोकरीला. त्याला पाखरा-जनावरांचा फार नाद. तो कॉलेजला असताना खालाने त्याची कबुतरे "घाण करतात" म्हणून कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यानंतर तो वर्षभर आईशी बोलला नव्हता. त्याच फिरोजने एका उन्हाळ्यात रंग बदलणारा सरडा आणून तिच्यापुढे ठेवला. बाहेरदेशी जातीचा, कागदपत्रांसकट. कंपनी त्याला दोन महिने बाहेर पाठवत होती. "अम्मी, ये मेहमान है," तो म्हणाला. "ईद तक संभालना. इस बार किसी को देना मत."

खालाने ते शब्द मनावर घेतले. सरड्याचे नाव पडले पाहुणा.

फिरोजने जाळीचा पिंजरा, त्यात एक झाडाची कुंडी आणि वर एक गरम दिवा लावून दिला होता. तो गेल्याबरोबर खाला मला म्हणाली, "पाह्य वं, बाहेर आग लागून राहिली अन् हा पोरगा मुक्या जनावराच्या डोक्यावर दिवा लावून गेला! याले काय भाजून खायचं हाय का?" तिने दिवा बंद केला. आणि पिंजरा उचलून कुठे ठेवला असेल? कूलरपुढे. मधोमध, जिथे फक्त जावयाला बसवतात.

पाहुणा आधी हिरवा होता. थोड्याच दिवसांत तो शेवाळासारखा काळपट झाला. खाला म्हणाली, "नाराज हाय. हवा कमी पडत असन." कूलरचे गवत नवे आणले, पाणी वाढवले. मग पाहुणा मान वर करून तोंड उघडून बसू लागला. खालाला त्याचे कौतुक. "पाह्य, काई तरी सांगून राहिला. तुह्यापेक्षा तर हा बोलका निघाला!"

एके दिवशी वीज गेली, कूलर बंद पडला आणि मला तो आवाज ऐकू आला. कढईत मोहरी हळूच तडतडावी तसा. पाहुण्याच्या नाकावर बारीक फुगे येत होते आणि भर दुपारी त्याचे डोळे मिटलेले होते. माझ्या मुलीला लहानपणी निमोनिया झाला तेव्हा तिची छाती अशीच वाजायची. मी खालाच्या हाताला धरून तिला जवळ ओढले. तिने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. "ईदले काय दाखवू मी फिरोजले?" एवढेच म्हणाली.

मग घरगुती उपाय. ओव्याची पुरचुंडी गरम केली. बामाची डबी उघडली, आणि बोटावर बाम घेऊन खाला बराच वेळ तशीच बसली. "याची छाती कुठून सुरू होते वं?" मला माहीत नव्हते. बाम तिने शेवटी स्वतःच्या कपाळाला लावला.

वलगावच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "बाई, मी बैलाला बाटलीनं औषध पाजणारा माणूस. याला काय देऊ? अकोल्याला जा." खालाचे पैसे भिशीत अडकले होते. मी शिलाई मशीनच्या मोटरसाठी जमवलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने नको म्हटले नाही. "हे कर्ज माहं नाई, पाहुण्याचं हाय," म्हणाली. "तोच फेडन."

अकोल्याच्या एसटीत मी मांडीवर भोके पाडलेला डबा घेऊन बसले.

"डब्यात काय?" कंडक्टरने विचारले.

"पाहुणा," खाला म्हणाली.

"त्याचं तिकीट?"

"अर्धं फाडा. लहान हाय."

कंडक्टरने वाकून पाहिले. पाहुण्याने एक डोळा त्याच्याकडे आणि दुसरा खिडकीकडे फिरवला. कंडक्टर पाहुण्याचे तिकीट न फाडताच पुढे गेला, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही. गाडीत भट्टीसारखे गरम होत होते. गंमत म्हणजे त्या गरमीत पाहुणा जरा हिरवट दिसू लागला.

अकोल्याची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पाहुण्याला तपासले, छातीचा फोटो काढला आणि विचारले, "याला ठेवता कुठे?"

"कूलरपुढे," खाला ताठ बसून म्हणाली. "घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी."

डॉक्टरने पेन खाली ठेवले. "आजी, याला दिवसा दिव्याची ऊब लागते. पानांवर पाणी शिंपडायचं, पण मग ते सुकूही द्यायचं. दिवसभर ओली गार हवा लागली, म्हणून छातीत कफ झाला."

खाला म्हणाली, "म्हणजे म्या याले पाहुणचारानं मारलं?"

"अजून नाही," डॉक्टर म्हणाली. बारीक सुईची इंजेक्शने लिहून दिली. एकाआड एक दिवस, पुढच्या पायाच्या वरच्या भागात. बरा दिसला तरी मध्येच थांबायचे नाही. घरी कोण देणार, तिने विचारले. खालाचे हात कापायचे. तिने माझ्याकडे बोट केले. "सुईच न? हिच्या हातात रोजच असते." मला बोलायला जमले असते तर मी नाही म्हटले असते. डॉक्टरने मला शिकवले. टाचणी टोचतो त्याहून हलक्या हाताने.

घरी आल्यावर खालाने कूलरची पिन काढली. मे महिना, अमरावती, आणि पिन काढली! पिंजऱ्यावरचा दिवा लागला आणि खाला दिवसभर पाहुण्याजवळ बसू लागली, कारण पाहुण्याला एकटे कसे सोडायचे? सवय मात्र मोडली नाही. कुणी आले की ती म्हणायची, "काहून उभा हायस रे? बस दिव्याखाली." मीटरवाला घामाने ओलाचिंब होऊन सरबत प्यायला आणि पुन्हा घरात आला नाही. बांगड्यावालीने गल्ली बदलली. एक मी जात राहिले, कारण इंजेक्शन मीच द्यायची. कूलर बंद असल्यामुळे आता खालाचा शब्दन् शब्द ऐकू येई. तिला उत्तर द्यावे लागे. मी देऊ लागले. आधी "हाव", मग "नाई", मग हळूहळू पूर्ण वाक्ये.

पाहुण्याची छाती वाजायची थांबली. तोंड मिटले. एका सकाळी तो कोवळ्या पोपटी रंगाचा होऊन झुरळावर जीभ मारताना दिसला. खालाने त्याला सलाम केला.

ईदला फिरोज आला. दिव्याखाली घामाने निथळत बसलेली आई आणि तिच्या बोटावर चढलेला पाहुणा बघून तो दारातच थांबला. "अम्मी, कूलर बिगड गया क्या?"

"नहीं," खाला म्हणाली. "मेहमान को चलता नहीं."

त्याने त्या बंद कूलरकडे पाहिले. मग आईच्या पायाशी बसला. आजाराचे त्याला सांगायचे नाही, अशी खालाने मला शपथ घातली होती. "तुले काय अवघड हाय वं, तू तर तशीबी बोलत नाईस." म्हणून पैसे फिरोजकडून मागायचा प्रश्नच नव्हता. ती पदराच्या गाठीतून थोडे थोडे आणून द्यायची. "हे पाहुण्याकडून," म्हणायची. एकदा भिशी लागली तेव्हा मला वाटले, आता सगळे देईल. तेव्हाही थोडेच दिले. वर म्हणाली, "एकदम फेडले तर तू दार लावून घेशीन."

पुढे फिरोज तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना कूलर मला देऊन गेली. तिकडून फोन करायची. "इथं कोणाच्याच घरी कूलर नाई वं! हे लोक पाहुण्याले बसवतात कुठं?" मी फोनवर हसायची, आणि बोलायचीही.

यंदाच्या थंडीत खाला गेली.

मागच्या महिन्यात फिरोज दारात उभा. हातात पाकीट, दुसऱ्या हातात तोच भोकांचा डबा. "सरड्याचे राहिलेले पैसे," तो म्हणाला. "अम्मीने जाण्याआधी सगळं सांगितलं. आणि म्हणाली, दारातून देऊ नको. आत जा, बस, पाणी पी, मग दे."

माझ्या तोंडून निघाले, "मग काहून उभा हायस रे? बस कूलरपुढे." बोलून झाल्यावर डब्याकडे लक्ष गेले. मी उठून पिन काढली.

खोलीत एकदम शांत झाले. फिरोज बसला. पाहुणा आता म्हातारा झाला आहे, त्याने डब्यातून एक डोळा माझ्याकडे फिरवला. दोन ग्लास पाणी पिऊन, घामाघूम होऊन फिरोजने पाकीट माझ्या हातात दिले. थोडे राहू दे, असे मला म्हणायचे होते, आणि मी म्हटलेसुद्धा. पण तो आईसारखा नाही, हिशेबाचा पक्का आहे. सगळे फेडून गेला.