सोललेला कोड

प्रधान सर रोज सकाळी शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसून आम्हाला शहाणं करायचे. मैदानाला फेऱ्या मारून झाल्या की घाम पुसत फोन काढायचे आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'सुप्रभात मित्रांनो, आजची टीप' म्हणून कोडचा एखादा तुकडा टाकायचे. मी तेव्हा लालबागला घरी डबा भरत असायची. फोन वाजला की गॅसपाशी उभी असलेली आई म्हणायची, "इलो गे तुझो मास्तर." पाठोपाठ 'थँक्यू सर', 'ग्रेट सर' आणि जोडलेल्या हातांची रांग लागायची. त्यातल्या निम्म्या लोकांनी तो तुकडा उघडूनही बघितलेला नसायचा, पण दिवसभर ऑफिसात सरांसमोर बसायचं तर हात जोडून ठेवलेले बरे.

आमचं ऑफिस लोअर परळला, गिरणी पाडून उभ्या केलेल्या काचेच्या इमारतीत. आम्ही दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करून द्यायचो. मी टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभाव घरूनच आणलेला होता, शिकावं काही लागलं नाही. प्रधान सर आमच्यात सगळ्यांत सीनियर. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, ज्याने त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. आजोबा कचेरीत हेडक्लार्क होते आणि प्रभादेवीला त्यांची स्वतःची जागा होती, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशीच चहाबरोबर कळायचं.

एक मान्य करते. समजावायला बसले की हा माणूस वेगळाच व्हायचा. कुणी अडलं की खुर्ची ओढून शेजारी बसायचे, तीनदा विचारा, चौथ्यांदा तितक्याच शांतपणे सांगायचे. कधी कुणावर खेकसले नाहीत. मीसुद्धा त्यांच्याकडून बरंच शिकले, आणि ते आठवलं की मला त्यांचा जास्तच राग येतो. ज्याला स्वतःचं देण्यासारखं इतकं होतं त्याला दुसऱ्याचं उचलायची हौस कशाला?

उचलायचे म्हणजे अगदी व्यवस्थित उचलायचे. आमच्यात एक रीत आहे. कोड लिहिणारा माणूस वरती साध्या भाषेत दोन-चार ओळी लिहून ठेवतो: मी अमुक, हे अमक्यासाठी केलंय, वापरताना हे जपा. मशीन त्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही, त्या मागून येणाऱ्या माणसासाठी असतात. प्रधान सर आमच्याच कुणाचा तरी तुकडा घ्यायचे, वरच्या ओळी काढून टाकायचे आणि बाकीचा 'आजची टीप' म्हणून पाठवायचे. मला म्हणायचे, "राणेबाई, कोड कसा, सोललेल्या केळ्यासारखा हातात यायला हवा. लोकांना सालं कशाला वाढायची?" सालीबरोबर लिहिणाऱ्याचं नावही जातं त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ते मनापासून हसले. "अहो, ज्ञान काय कुणाच्या बापाचं असतं?" ज्ञान कुणाच्याच बापाचं नव्हतं. थँक्यू तेवढे सगळे ह्यांच्या घरचे होते.

सुजाता जाधव आमच्याकडे आली ती ह्या सगळ्यात. परळच्या चाळीतली मुलगी, वडील माझगावच्या गोदीत फिटर. बोलायची कमी, पण लिहायची इतकं नेटकं की तिच्या कामात चूक सापडली नाही की माझा दिवस फुकट जायचा. पहिल्याच आठवड्यात प्रधान सर तिच्या टेबलाशी जाऊन प्रेमाने म्हणाले, "तुमच्यातली मुलं आता छान पुढे येतायत हो, बरं वाटतं." ती "हो सर" म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. संध्याकाळी जिना उतरताना मला म्हणाली, "मॅडम, ह्यांच्यातली कुठवर आलीत ते विचारायचं राहिलंच." तेव्हापासून ही पोरगी मला आवडली.

सुजाताने एक छोटा तुकडा लिहिला होता. टेस्टिंग करताना आम्ही खोट्या अपॉइंटमेंट भरतो, त्या एका फटक्यात साफ करायचा. वरती तिने चार ओळी लिहिल्या होत्या: आपलं नाव, कशासाठी केलं ते, आणि मग, 'हा कोड तारीख बघत नाही, उद्याच्या अपॉइंटमेंटही पुसतो. खऱ्या दवाखान्यावर चालवू नये. आधी कॉपी काढावी.' दोनच दिवसांनी तो तुकडा कट्ट्यावरून आला, स्वच्छ सोललेला. तुकड्याचं कौतुक कंपनी चालवणाऱ्या साहेबांनी स्वतः केलं, प्रधान सरांचं नाव घेऊन. माझं डोकं फिरलं. सुजाता म्हणाली, जाऊ द्या मॅडम. तिला अजून पर्मनंट व्हायचं होतं, आणि ते होईपर्यंत तिला कुणाशी वाकडं नको होतं. वडिलांनी तर आधीच अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं होतं, पोरगी काचेच्या ऑफिसात बसते म्हणून.

पर्मनंट करायचं की नाही हे ठरायच्याच महिन्यात घोळ झाला. टीममधल्या अमेयने दादरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची जुनी माहिती साफ करायला घेतली. ग्रुपवर जाऊन सरांचा तुकडा शोधला, चिकटवला, चालवला. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट गायब. जिन्यापर्यंत म्हातारी माणसं उभी, कुणाच्या डोळ्यात थेंब घातलेले, कुणाला सुनेने कामावर उशीर करून आणून सोडलेलं, आणि रिसेप्शनवरच्या बाईसमोर कोरी स्क्रीन. दुपारपर्यंत आम्ही आदल्या दिवशीच्या कॉपीवरून बहुतेक सगळं परत आणलं. पण डॉक्टरांनी साहेबांना जे ऐकवलं ते काही परत घेता येणार नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. अमेय रडकुंडीला आलेला. हा कोड कुणाचा, साहेबांनी विचारलं. ग्रुपवर तर प्रधान सरांच्या नावाने होता, त्याखाली आमच्या सगळ्यांचे जोडलेले हात होते, साहेबांचेही. प्रधान सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कोड तसा सुजाताचा आहे. मी फक्त पुढे पाठवला."

बघा, इतके महिने नाव आठवलं नव्हतं, त्या दिवशी बरोबर आठवलं. निर्लज्जपणालासुद्धा काही हद्द असते असं मला तोवर वाटायचं. साहेबांनी सुजाताकडे बघितलं आणि मला कळलं, हिचं आता संपलं. तिचे हात टेबलाखाली होते. ती उठून उभी राहिली आणि अगदी शाळेत विचारावं तसं तिने विचारलं.

"सर, माझ्या कोडवर चार ओळी होत्या. पाठवायच्या आधी तुम्ही त्या वाचल्या होत्या का?"

नाही म्हणाले असते तर सुटले असते. नजरचूक म्हणून कुणी पुढे विचारलंही नसतं. पण प्रधान सर न वाचता पाठवतात, असं चारचौघांत कबूल करायचं? तो माणूस पाठ ताठ करून बसला.

"अर्थात वाचल्या होत्या. न वाचता मी काहीही पुढे पाठवत नाही."

काय होतं त्या ओळींत, साहेबांनी विचारलं. आणि सरांनी सांगितलं हो, जसंच्या तसं. तारीख बघत नाही, खऱ्या दवाखान्यावर चालवू नये, आधी कॉपी काढावी. स्मरणशक्ती चांगलीच होती त्यांची. आपण काय बोलून बसलो ते सगळ्यांत शेवटी त्यांना कळलं.

सुजाता पर्मनंट झाली. प्रधान सरांना कुणी काही बोललं नाही, सीनियर माणसाला कोण बोलणार. आठवड्याभरात ते स्वतःच सांगत फिरू लागले की सगळा दोष मी माझ्या अंगावर घेतला म्हणून त्या मुलीची नोकरी वाचली. मी समोर असतानाही सांगायचे. गंमत म्हणजे त्यांना ते खरं वाटायचं.

वर्षभराने सुजाताला दुसरीकडे चांगलं काम मिळालं. शेवटच्या दिवशी प्रधान सर तिच्या टेबलाशी आले, तोंडभर आशीर्वाद दिले, आणि म्हणाले, जाण्याआधी तुझ्या कोडच्या सगळ्या नोट्स मला पाठवून जा. तिने तिथल्या तिथे पाठवल्या. मी तिला बाजूला घेऊन झापलं. अक्कल गहाण ठेवलीस का, ह्या माणसाला कशाला देतेस? ती बॅग भरता भरता म्हणाली, "मॅडम, उद्या नवी मुलं येतील. त्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

ती लिफ्टपर्यंत पोचलीही नसेल, ग्रुपवर मेसेज आला. 'मित्रांनो, माझ्या संग्रहातून काही निवडक टिपा.' खाली सुजाताच्या नोट्स. सावधगिरीच्या ओळी ह्या वेळी ठेवल्या होत्या, तेवढा धडा घेतला होता. नाव तेवढं काढलं होतं.

मी काही लिहायच्या आधी अमेयने लिहिलं, 'थँक्यू सुजाता.' मग मी लिहिलं. मग अकाउंट्सच्या बाईंनी लिहिलं, ज्यांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही. मग एकेक करून सगळ्या ऑफिसने तेच लिहिलं, 'थँक्यू सुजाता', 'थँक्यू सुजाता', स्क्रीन वर सरकत राहिली. शेवटी साहेबांनीही लिहिलं.

आणि त्या सगळ्यांच्या खाली प्रधान सरांनी लिहिलं, 'वेलकम.'